अक्कांची गाडी आणि शेपटीवाली कॅसेट

एकाच गाडीत चार माणसं रोज जाऊन-येऊन चार तास कोंबली की किस्से आपोआप साठतात. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. सीटखाली शेंगांची टरफलं साठतात ना, तसेच! एखाद्या दिवशी झाडायला घेतलं की कळतं, अरे बापरे, हे सगळं आपणच केलं.

तर आमची गाडी. यशवंतपूर ते व्हाइटफील्ड, म्हणजे अख्खं बेंगळुरू आडवं कापायचं. चालवणार अण्णा, म्हणजे आमच्या ऑफिसच्या अकाउंट्समधले आनंदराव जाधव. चार पिढ्या इथेच, त्यामुळे अण्णा बोलतात मराठीत आणि वैतागतात कन्नडमध्ये. त्यांच्या शेजारी नागपूरचा सचिन, जो कधीच गप्प बसत नाही. मागे डोंबिवलीची दीपाली आणि पुण्याची मी, मुग्धा. मेट्रो आहे, मला माहीत आहे. पण मेट्रोत मराठीतून भांडायला कोणी मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर हे चार तास मला फार प्यारे आहेत.

गाडी मात्र अण्णांची नाही, अक्कांची. अक्का म्हणजे अण्णांच्या मिसेस, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली. स्टिरिओवालंच मॉडेल पाहिजे म्हणून कितीतरी दिवस वाट बघत बसल्या. अण्णांना चालवायला शिकवली तीही त्यांनीच. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्या चालवत नाहीत. गाडी आमच्या हवाली करताना त्यांनी आम्हाला समोर उभं करून एकच अट घातली होती.

"शोरूममधून आली तश्शी राहिली पाहिजे. कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, चिकटवायचं नाही. स्टिरिओला काही झालेलं दिसलं, की गाडी घरी आणि तुम्ही बसमध्ये!"

आम्ही चौघांनी एका सुरात "हो अक्का" म्हटलं. अण्णांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

*

त्या स्टिरिओला फक्त कॅसेट आणि रेडिओ कळतो. जिवंत कॅसेटी तीन. एक भावगीतांची, एक कन्नड भक्तिगीतांची आणि एक गाडीबरोबर फुकट आलेली. तिसरीत एक इंग्रज गृहस्थ अतिशय गंभीर आवाजात सांगतो, "धिस इज युअर लेफ्ट स्पीकर." मग जरा थांबून, "धिस इज युअर राइट स्पीकर." मग घंटा वाजते.

पहिल्या दोन कॅसेटी पाठ झाल्यावर आम्ही तिसरीही ऐकू लागलो. माणूस कुठल्या थराला जातो बघा! एकदा ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "कॅन एव्हरीबडी हिअर मी?" आणि म्यूट नसलेल्या सचिनच्या तोंडून आपसूक निघालं, "धिस इज युअर लेफ्ट स्पीकर."

साहेबांनी बिचाऱ्यांनी खरंच दोन्ही हेडफोन काढून तपासले.

*

अण्णांकडे काडेपेटीएवढा एक एमपीथ्री प्लेयर आहे. त्यांच्या भाचीनं दिलेला, त्यात जुनी गाणी ठासून भरलेली. अण्णा तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात आणि सिग्नलला एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून एकटेच डोलतात. शेजारी बसून हे बघणं म्हणजे छळ होता. शेवटी सचिननं कुठूनशी एक कॅसेट पैदा केली, जिला वायर होती. वायरीचं टोक प्लेयरमध्ये, कॅसेट स्टिरिओत.

"अय्यो, कॅसेटला शेपूट?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, काही कापून नाही राहिलो, काही चिकटवून नाही राहिलो. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले?"

आणि गाणं लागलं! अण्णांचं गाणं, अक्कांच्या स्टिरिओतून, चारी स्पीकरमधून. अण्णांनी स्टिअरिंगवर असा ठेका धरला की मागच्या बसला वाटलं आम्ही डावीकडे वळतोय, मग उजवीकडे, मग परत डावीकडे.

एकच अडचण होती. स्पीडब्रेकर आला की स्टिरिओला वाटायचं बाजू संपली. तो खटकन उलटा फिरायचा आणि गाणं बंद. मग सचिन डॅशबोर्डवर एक चापट मारायचा, की गाणं पुढे सुरू. एकदा मी ऑफिसला उबर करून गेले, आणि स्पीडब्रेकरवर माझा हात नकळत वर उठला. ड्रायव्हर दिवसभर कोणाकोणाला काय सांगत फिरला असेल देव जाणे.

*

एप्रिलमध्ये गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर तापली आणि कॅसेट आत फुगून बसली. बटण दाबलं तर स्टिरिओ नुसता कण्हायचा. सचिन म्हणाला ओढू. दीपाली म्हणाली थांबा. मी पर्समधून भुवयांचा चिमटा काढून दिला, हे मी नाकारत नाही. सचिननं एक पाय सीटवर रोवून जोर लावला आणि टक् असा आवाज झाला.

कॅसेट तिथेच. स्टिरिओच्या तोंडावरचं झाकण मात्र सचिनच्या हातात!

अण्णांच्या कपाळावर घाम आला. "बसमध्ये," एवढंच म्हणाले ते. मला खरंच वाईट वाटलं. नुसत्या बसमुळे नाही. अक्कांनी किती विश्वासानं किल्ली दिली होती!

मग आम्ही शोधाशोध केली. म्हणजे अटीतल्या पळवाटांची. शेपूट दीपालीनं नखांच्या कात्रीनं कापली, कारण सचिनच्या मते शेपूट शोरूममधून आलेली नव्हती. झाकण गोंदानं बसवलं. चिकटवायचं नाही हे आम्ही विसरलो असं नाही, पण त्या वेळी कोणी बोललं नाही. चिरेवर दीपालीनं काळं नेलपेंट लावलं. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. जवळून बघितलं तर स्टिरिओ लग्नाला निघाल्यासारखा चमकत होता.

*

यशवंतपूरला एक मेकॅनिक आहे, त्याला दाखवायला नेलं. त्यानं नेलपेंटवर बोट फिरवलं, वास घेतला आणि दीपालीकडे बघितलं. मग अण्णांना म्हणाला, "सर, इदन्न म्यूझियमगे कोडी." म्हणजे, हे म्यूझियमला देऊन टाका.

अण्णांनी फार गयावया केल्यावर तो म्हणाला, प्लेयरसाठी मागून वायर काढता येईल, पण पॅनेल "स्वल्प कट माडबेकु," म्हणजे थोडं कापावं लागेल.

'कट' हा शब्द ऐकताच अण्णांनी गाडी सुरू केली. मेकॅनिकचा एक पाय आत होता, तो त्यानं वेळेत काढून घेतला. स्क्रूड्रायव्हर मात्र डॅशबोर्डवर तसाच राहिला. तेव्हापासून आम्ही त्याच्या दुकानासमोरून जात नाही. मागच्या गल्लीनं जातो.

*

मग आलं एफएमचं यंत्र. सिगारेट लायटरच्या भोकात बसवायचं. ते भोक कंपनीनंच पाडलेलं, त्यामुळे अट पाळली गेली! प्लेयर किंवा फोन त्याला जोडायचा, आणि ते यंत्र स्वतःच छोटंसं रेडिओ स्टेशन बनतं. गाडीचा रेडिओ त्या नंबरावर लावला की झालं. सोपं!

आम्हाला हे माहीत नव्हतं की अर्ध्या व्हाइटफील्डनं तेच यंत्र घेतलंय आणि सगळ्यांचा नंबर कंपनीनं दिलेला तोच आहे. महादेवपुऱ्याच्या सिग्नलला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या की अण्णांच्या भावगीतात मध्येच तेलुगू ढोल वाजायचे, मग एक बाई श्रीमंत कसं व्हायचं ते सांगून जायची.

आपलंही त्यांना ऐकू जात असेल, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तीन इंजिनिअर होतो गाडीत.

एका संध्याकाळी त्याच सिग्नलला अक्कांचा फोन आला. फोन यंत्राला जोडलेला, त्यामुळे अक्का थेट चारी स्पीकरमधून. "अहो, कोत्तंबरी आणा. कोत्तंबरी सांगितली की पुदिना आणता. वास घेऊन आणा! आणि गाडी नीट आहे ना माझी?"

"सरी, सरी," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. शेजारच्या कॅबची काच खाली झाली. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "सर, कोत्तंबरी सोप्पु मरीबेडी!" कोथिंबीर विसरू नका. पलीकडच्या गाडीतल्या एका सभ्य गृहस्थांनी नुसतंच नाकाशी चिमूट नेऊन वास घेऊन दाखवला.

अण्णांनी त्या दिवशी तीन जुड्या नेल्या. सचिननं यंत्राचा नंबर बदलून पार दुसऱ्या टोकाला नेला.

*

अण्णा कन्नड मीडियमचे. देवनागरी वाचतात, पण एकेक अक्षर लावत, देवळातली पाटी वाचावी तसं. त्यामुळे आमच्या कारपूलच्या ग्रुपवर कोणी लिहीत नाही, सगळे व्हॉइस मेसेज टाकतात. सचिनचा मेसेज म्हणजे कीर्तन असतं.

घरात मात्र फोन वाजवायला बंदी. हेडमिस्ट्रेसचं घर आहे ते! म्हणून अण्णा संध्याकाळी बिल्डिंगखाली गाडी लावतात, काचा वर करतात आणि सगळ्यांचे मेसेज स्टिरिओवर निवांत ऐकून मगच वर जातात. त्यांचं पार्किंग अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे. सकाळी आम्ही खाली थांबतो तेव्हा त्या खिडकीतून अक्कांचा रेडिओ ऐकू येतो.

"अक्काचा रेडिओ स्वल्प बिघडला वाटतं," अण्णा एकदा म्हणाले. "सकाळी बरा असतो. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा खरखर करतो म्हणे."

"सेल बदला ना अण्णा," सचिन म्हणाला.

"म्हटलं मी. पण ती नको म्हणते. म्हणते, असू दे, आता कुठे मजा यायला लागलीय."

*

आणि मग दीपालीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आली. व्हाइटफील्डला, रविवारी. अक्कांनी जाहीर केलं, मी येणार. पुढे बसणार.

आठवडाभर ग्रुप पेटलेला होता. सचिननं लांबलचक मेसेज टाकला: झाकणाकडे लक्ष गेलंच तर तो सांगेल की यंदा ऊनच असं आहे, प्लास्टिक तडकतं. माझं काम असं की अक्कांचा हात स्टिरिओकडे गेला की मला गाडी लागायची, आणि मी "थांबवा थांबवा" ओरडायचं. दीपालीनं नेलपेंटचा आणखी एक हात दिला होता. गाडीनं वाटेतलं हेब्बाळ गाठलं की ती फोन करून अक्कांना बोलण्यात गुंतवणार होती. अण्णांनी फक्त एवढंच टाकलं, "देवा." मी दोनदा ऐकलं ते. माणूस खरंच घाबरला होता.

रविवारी अक्का कडक इस्त्रीची साडी नेसून खाली आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला, आणि पुढे बसल्या. मी आणि सचिन मागे, परीक्षेला बसल्यासारखे.

गाडी गेटच्या बाहेर पडायच्या आत अक्का मागे वळल्या आणि माझ्या हातावर आलेपाकाची वडी ठेवली. "आत्ताच तोंडात धर, मुग्धा. मग गाडी लागायला नको."

मी म्हटलं, "मला कुठे..." आणि वडी तोंडात टाकली. योगायोग असेल.

पुढच्या सिग्नलला त्यांनी डॅशबोर्डकडे बघितलं. अण्णांनी श्वास रोखलेला मला मागून दिसत होता. सचिननं तोंड उघडलं.

"यंदा ऊनच असं आहे," अक्का म्हणाल्या. "प्लास्टिक तडकतं."

सचिनचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्याला ओळखायला लागल्यापासून तो पहिल्यांदाच पूर्ण गप्प होता.

हेब्बाळला फोन वाजला. "उचला," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दीपाली असेल. तिला म्हणावं, मला गुंतवू नकोस, पाहुण्यांकडे बघ."

मग त्यांनी पर्स उघडली आणि एक छोटी बाटली काढून स्टिरिओच्या समोर ठेवली. काळं नेलपेंट. "तिनं लावलंय ते चमकतं," त्या म्हणाल्या. "हे मॅट आहे."

वास्तुशांतीत अक्का मजेत जेवल्या, आणि आम्हाला मात्र श्रीखंडसुद्धा गिळवेना. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून बसस्टॉप मोजत होते.

घराखाली गाडी थांबली. अक्का उतरल्या, दार हळूच लावलं, आणि अण्णांच्या खिडकीशी आल्या. अण्णांनी न सांगता किल्ली काढून पुढे केली.

अक्कांनी ती किल्ली घेतली नाही.

"उद्यापासून एक करायचं," त्या म्हणाल्या. "खाली बसून ऐकता ना, तेव्हा आवाज स्वल्प वाढवत चला. कुकरच्या शिट्टीत माझ्या रेडिओवर सचिनचं अर्धं ऐकूच येत नाही!"