कोलारबुवांचा मधला आवाज

कोलारबुवांना अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचा माणूस ओळखू यायचा, पण पुस्तकातले सूर म्हणजे नुसता मुंग्यांचा घोळका. हे त्यांनी दोन वर्षं लपवून ठेवलं, काय म्हणावं या माणसाला! आमच्या चर्चमध्ये सगळे गायक एकाच मोठ्या पुस्तकासमोर दाटीवाटीनं उभे राहतात. बुवा कोपरं मारत पुढे घुसायचे, पानाला नाक लावायचे आणि पाठ असलेलं गाऊन वाचत असल्याचं सोंग आणायचे. लोकर धुणाऱ्याचा मुलगा, तीस वर्षं या वृंदात गायलेला; दुसरं काही करायचं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ऑगस्टातल्या मेरीमातेच्या सणासाठी तिच्या जुन्या लॅटिन स्तोत्राची सुरांची नवी बांधणी आली आणि पितळ उघडं पडलं. पहिल्याच तालमीत बुवा भलतीच ओळ गायले. वृंदाचे गुरुजी माहिउ वयानं लहान, स्वभावानं मऊ. त्यांनी बुवांना बाजूला घेतलं आणि खाली बघत सांगितलं की सण झाला की तुम्ही म्हाताऱ्यांच्या आश्रमात जा, तिथे जेवणखाण आहे, ऊब आहे. गाणं नाही, हे सांगायची गरजच पडली नाही. त्या दिवशी बहीण मारोएनं वाढलेला वाटाण्याचा रस्सा समोर गार होत गेला आणि बुवा लहान पोरासारखे ढसाढसा रडले.

आता ती बांधणी कशी होती ते ऐका. स्तोत्राचं एक कडवं साधं, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, आणि पुढचं तीन आवाजांत, असं आलटूनपालटून. पण पुस्तकात आवाज लिहिलेले दोनच, वरचा आणि खालचा. मधल्यानं वरच्याची चाल धरून चार सुरांनी खाली गात राहायचं, एवढीच सूचना. लिहिलेला नाही म्हणून तो आवाज कुणालाच नको होता. शेवटी ओबेर नावाच्या मानी गायकाच्या गळ्यात तो पडला. त्याचं वाचन असं की पान उघडलं की गाऊन मोकळा! पण घोळ तिथेच झाला. डोळे वरच्या ओळीवर, मग गळाही तिकडेच जायचा. तिसऱ्या शब्दाला ओबेर वरच्या आवाजात जाऊन मिसळायचा. दुसरा उभा केला, त्याचंही तेच. सण चार दिवसांवर आला होता. वैतागून ओबेर म्हणाला, "हा आवाज द्या म्हातारबांना. नाहीतरी पुस्तकात त्यांच्यासाठी काही उरलेलं नाही."

दोघेतिघे हसले. बुवांना ते लागलं, चांगलंच लागलं. पण ते मागे, सगळ्यांच्या पाठीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, एकदा गाऊन बघू का?"

त्यांच्यापुढे पानच नव्हतं, तर गळा वरच्या ओळीकडे ओढणार कोण? वरचा आवाज कानावर यायचा आणि बुवा नेमके त्याच्या चार सूर खाली. कडवं संपेपर्यंत तसूभरही ढळले नाहीत. ओबेर तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "च्यायला," आणि देवाच्या घरात आहोत हे आठवून त्यानं छातीवर क्रूस काढला.

सणाच्या दिवशी मारोए खांबाला टेकून ऐकत होती. घरी येताना कबूल करून टाकलं तिनं, "दादा, तुझा आवाज कुठला ते काही मला कळलं नाही बाई. पण तीन आवाज लागले की अंगावर काटा यायचा."

बुवा खूश झाले. मधला आवाज वेगळा कळला असता तर तो चुकलाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी ते आश्रमात जायचं बोचकं बांधून निरोप घ्यायला आले. माहिउ गुरुजी पुस्तकाच्या लेखनिकाला वर्षभराच्या स्तोत्रांचं काम सांगत होते. त्यांनी बोचक्याकडे पाहिलं, मग लेखनिकाकडे वळून म्हणाले, "सगळीकडे दोनच आवाज लिहा. मधला लिहू नका. तो आमच्याकडे आहे."