फोटोसाठी थांबवलेला पट्टा

वकिलाची लेक आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन फोटो काढत हिंडते, असं लोक म्हणायचे. म्हणेनात का! निजामाचं राज्य होतं, पडद्यातल्या बायकांसमोर पुरुष फोटोवाला चालत नसे, आणि आमच्या चिक्कडपल्लीपासून हिमायतनगरपर्यंत हे काम करणारी मी एकटीच. म्हणून तर सूतगिरणीच्या मॅनेजरनं मला बोलावलं. सुताच्या लडी करायच्या खात्यात सगळ्या बायकाच होत्या. त्यांचा कामावरचा फोटो सरकारात दाखवायचाय, असं तो म्हणाला.

गिरणी तेव्हा रडतखडत चालली होती. कापूस संपला की भर पाळीत यंत्रांचा पट्टा थांबायचा आणि बायकांना घरी पाठवायचे. त्यातून त्यांची एक रीतच पडली होती. पट्टा थांबला की आपला तुटलेला धागा सांधायचा, यंत्राला हात लावून कपाळाला लावायचा, मग डबा उचलायचा. उद्या बोलावतील की नाही, कुणास ठाऊक!

मी तिपाई लावली. खातं अंधारं, हलत्या हातांचा फोटो नुसता धूसर आला असता. मॅनेजर आपणहून म्हणाला, "पट्टा थांबवतो. फोटो झाला की लगेच सुरू." मला वाटलं, मेला बराच समजूतदार निघाला.

पट्टा थांबला तशा बायका धागे सांधायला वाकल्या. त्यांच्यातली एक तेलुगू बाई धावत माझ्याकडे आली. सकाळी ओळख होता होताच तिनं सांगितलं होतं, नवऱ्याला याच गिरणीत छातीचं दुखणं जडलं, तो घरी अंथरुणाला खिळलाय, घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सच बोलो अम्मा, मिल बंद कर रैं क्या?"

"नक्को घाबरू गं. फोटोसाठी थांबवलाय. माझ्या गळ्याची शपथ!"

तिनं ते तेलुगूत सगळ्यांना सांगितलं. कुणी डबा उचलला नाही. पदर सारखे करून, धागा हातात धरून सगळ्या निमूट उभ्या राहिल्या, आणि मी फोटो काढला.

पट्टा काही सुरू होईना. मी तणतणत मॅनेजरच्या खोलीत गेले. तो चहा पीत होता.

"आता नाही सुरू व्हायचा. गिरणी आजपासून बंद," तो म्हणाला. "मागं नुसती कुणकुण लागली तर या बायांनी फाटक अडवलं होतं. आज शिपाई येईपर्यंत कशा गप उभ्या राहिल्या! तुमची मेहेरबानी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझं तळपट होईल, मेल्या!" म्हणाले आणि दार आपटून निघाले.

बायकांना मीच सांगितलं. कुणी ऊर बडवला, कुणी मला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. बाहेर शिपाई लाठ्या घेऊन उभे होते. मग एकेकीनं धागा सांधला, हात कपाळाला लावला आणि निघाली.

ती तेलुगू बाई तेवढी यंत्राकडे गेली नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आता थोबाडीत देणार, असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"अम्मा, फोटू में मैं काम पो दिखती ना?"

"हौ," मी म्हणाले.

"एक मेरेकू देव. मरद कू दिखाती. मिल चालू है बोलती."