वाटणीत फुटलेले जोड

प्लायवूड आलं आणि आमच्या घरची चूल अर्धी विझली. दारं घडवणारे माझे वडील, अण्णा, स्लॅबच्या फळ्या ठोकू लागले आणि आई तासगावला बेदाण्याच्या शेडवर जायला लागली. त्या दिवसांत अण्णांचा हात आमच्यावर फार उठायचा. मी या घरातली पहिली पदवीधर, गोड लिहिणं मला जमतं... पण अण्णा गोड नव्हते. गेल्या महिन्यात सांगलीच्या दवाखान्यात वारले, तेही नर्सला शिवी देऊन.

आजोबांच्या मागं अण्णा आणि बापूकाकांनी अवजारं वाटून घेतली. जुन्या नक्षीदार दारांचे रंधे दोघांनीही कधी चालवले नव्हते. पंच म्हणाले, एक याला, एक त्याला. तसेच उचलले. पुढं अण्णांनी एक रंधा सागाच्या पट्टीवर ओढला, तर खाच पडली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे रंधे नर-मादीचे. एक खाच पाडतो, दुसरा त्या खाचेत बसणारी जीभ काढतो. वाटणीत प्रत्येक जोड फुटला होता.

अण्णा तसेच काकांच्या दारात गेले. "बापू, रंधं आदलाबदल करू."

"वाटणी झाली न्हवं? आता मागतूस व्हय?"

अण्णांनी भावाला ओट्यावर आपटलं, जबडा मोडला. काकांनी लाकूड तासायचा वाकस चालवला. अण्णांची दोन बोटं अंगणातच पडली. त्यानंतर अण्णांनी रंध्यांसाठी निरोप धाडला की काका एक रंधा पाण्याच्या बंबात घालायचे आणि उलट निरोप यायचा, "आज पानी लय झ्याक तापलं म्हनावं."

मग अण्णांनी निरोप बंद केले. उरलेल्या बोटांनी प्रत्येक रंधा पट्टीवर ओढायचे आणि ती पट्टी त्याच्याशेजारी खिळ्याला टांगायचे. रंध्याचं लाकूड सारखंच दिसतं, ओळख पटते ती कापावरून. सुट्टीला आले की मीही कोणती पट्टी कोणत्या रंध्याची ते जुळवायचे. "ही देव्हाऱ्याची खाच. हिचा नर त्या भाड्याकडं हाय," म्हणत ते भिंतीवर बुक्की मारायचे.

तेराव्यानंतर त्या सगळ्या पट्ट्या घेऊन मी काकांकडं गेले. "काका, रंधे काढा."

"तुज्या बापामुळं अजून भाकरी कुस्करून खातूय मी."

"आणि त्यांनी तीन बोटांनी खाल्ली. काढा."

काकांनी पोतं माझ्या पायाशी आदळलं. मग स्वतःच एक रंधा उचलून फळीवर खसाखसा ओढला. निघालेली जीभ अण्णांच्या एका खाचेत घातली. बसेना. दुसऱ्या खाचेत बसेना. तिसरीत मुठीनं ठोकली, सालपट निघून रक्त आलं... आणि जीभ आत गेली. काकांनी बोट फिरवून पाहिलं. फट नव्हती.

"दादानं बरुबर पाडलीया," ते म्हणाले आणि दुसरा रंधा मागितला.

बंबात गेलेल्यांचे जोडीदार एकटेच राहिले. बाकीचे सगळे जोड त्या दिवशी लागले.