एक जूनचं वय

साहेब स्वतः गाडी चालवत मला जेवायला घेऊन निघाला, तेव्हाच मी मागच्या सीटकडे वळून बघितलं. हा साहेब माणसाला जेवायला नेतो ते दोनच वेळा. माणूस नवीन आला की, नाहीतर त्याला कायमचं घरी पाठवायचं असलं की. मधेअधे नेतो तो फक्त मला. पण त्या वेळी कंपनीचा फोल्डर मागच्या सीटवर नसतो. आज होता.

साहेब कोरियन, मी त्याच्या कंपनीत वेल्डिंगचा फोरमन. कतारमध्ये या साहेबाच्या हाताखाली मला अकरा वर्षं झाली. येत्या एक जूनला पासपोर्टप्रमाणे मला साठ पूर्ण होत होती, आणि कंपनीचा नियम असा की साठ झाली की खलास, सामान बांधा. मात्र साहेबाने स्वतः लिहून दिलं, की हा माणूस मला हवाय, तर आणखी दोन वर्षं मिळतात. बास, त्या दोन वर्षांपायी माझा जीव टांगणीला लागला होता. धाकट्या पोरीचं नर्सिंग संपायला तेवढीच वर्षं बाकी होती. आणि खरं सांगू का? नुसतं पोरीचंच कारण नाही. गावात जाऊन मी करू काय? एसटी स्टँडवर बसून दुसऱ्याचा पेपर मागून वाचू? ज्याला आयुष्यभर हातात वेल्डिंगची टॉर्च धरायची सवय, त्याला मोकळे हात घेऊन बसवत नाही.

दुपारीच फोनवर बायकोने सुनावलं होतं. "अहो, आज तरी तोंड उघडा. हाताखालच्या पोरांवर एवढं खेकसता, आणि साहेबापुढं मूग गिळून बसता."

"उघडतो गं बाई, उघडतो," म्हटलं आणि फोन ठेवला. राग आला होता, कारण तिचं खरं होतं.

हॉटेल कोरियन, अल गराफा नावाच्या वस्तीत, साहेबाच्या घरामागच्या गल्लीत. एका अंगाला लाँड्री, दुसऱ्या अंगाला टायरवाला, मधे हे. टेबलं सात-आठ असतील. प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली आणि तिच्यावर छतातून धूर ओढायचा पाइप हत्तीच्या सोंडेसारखा खाली आलेला. मांस कच्चंच आणून ठेवतात, आपलं आपण भाजायचं. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा मला हसू आवरेना. जेवायला बाहेर यायचं आणि चुलीपुढे आपणच बसायचं! वर मांस कापायला कात्री. चांगली शिंप्याची असते तशी.

पण त्या टेबलाची एक रीत आहे. वयाने जो लहान, त्याने चिमटा धरायचा आणि भाजायचं. मोठ्याला आधी वाढायचं. मोठ्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी खायचं नाही. साइटवर हुद्दा बघायचा आणि टेबलावर वय, असं या साहेबाचं चोख गणित. आणि कागदावर मी त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठा.

म्हणून अकरा वर्षं हा माणूस जेवताना मला 'ह्योंग' म्हणत आला. ह्योंग म्हणजे दादा. मी घरातलं शेंडेफळ. मला जन्मात कुणी दादा म्हटलं नव्हतं. कामगारांच्या कॅम्पातली पोरं चाचा म्हणतात, गावातली पोरं तर ओळखतच नाहीत. दादा म्हणणारा भेटला तो इथे येऊन, तोही कोरियन! आणि नुसतं म्हणत नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून माझ्या पेल्यात भाजलेल्या जवाचा चहा ओततो. मी बीफ खात नाही हे एकदाच सांगितलं होतं, त्यानंतर माझ्यासाठी दर वेळी वेगळी स्वच्छ जाळी मागवतो आणि तिच्यावर फक्त चिकन. माझा गुडघा दुखतो, हेही त्याला न सांगताच कळलं होतं. साइटवर पाइप चढवायचे उंच रॅक आहेत, तिथे त्याने मला कधी चढवलं नाही. "ह्योंग, तुम्ही खाली वर्कशॉपमध्ये थांबा, पोरांचे जॉइंट तपासा," म्हणायचा. इतका मान मला माझ्या सख्ख्या पुतण्याने दिला नाही. मला त्या मानाची चटक लागली होती, हे कबूल करायला आता लाज कसली.

आम्ही बसलो. साहेबाने फोल्डर किमचीच्या, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट कोबीच्या, वाटीशेजारी ठेवला. फिलिपिनो वेट्रेस मसाला लावलेलं चिकन, लसणाच्या पाकळ्या आणि लेट्यूसच्या पानांची परडी ठेवून गेली.

मी झडप घालून चिमटा उचलला. म्हटलं, बघू दे याला, हात अजून कसा स्थिर आहे ते. तुकडे जाळीवर एका रेषेत मांडले, वेल्डिंगचा टाका घालतात तसे, एकाला एक न चिकटवता. साहेब बघत होता. मग त्याने हात पुढे केला आणि चिमटा माझ्या बोटांतून अलगद काढून घेतला.

"ह्योंग, तुम्ही बसा."

एरवी मला हे ऐकून गुदगुल्या व्हायच्या. आज अंगावर काटा आला. त्याने भाजलं, कात्रीने कापलं, पहिला तुकडा माझ्या वाटीत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन थांबला. मी खाल्लं. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. चहाच्या घोटाबरोबर कसाबसा खाली उतरवला.

आमची बोली म्हणजे अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी, वरून अरबीची फोडणी. पण त्या दिवशी साहेब एकेक शब्द निवडून बोलला.

"ह्योंग, मी खूप विचार केला. तुम्ही घरी जा."

मी पेला खाली ठेवला.

"साहेब, मी काम करू शकतो. परवाचे सगळे जॉइंट एक्स-रेत पास झाले. एक तरी रिपेअर निघाला का, विचारा."

"काम चांगलं आहे. प्रश्न कामाचा नाही." त्याने माझ्या वाटीत दुसरा तुकडा ठेवला. "उन्हाळा आला. साठीच्या माणसाला त्या उन्हात उभं करायची मला शरम वाटते. तुम्ही माझे ह्योंग आहात, म्हणून वाटते. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून सही केली असती."

च्यायला, ही कुठली तऱ्हा? मान देतो म्हणून नोकरी घेणार! मला इतका संताप आला की मी लसणाची अख्खी पाकळी कच्चीच चावली.

मग त्याने त्याच्या वडिलांचं सांगितलं. त्यांच्या गावात तेव्हा लेकरं जगायची नाहीत, म्हणून जन्माची नोंद उशिरा करायचे. वडील कागदावर दोन वर्षांनी लहान. बरोबरीचे सगळे कारखान्यातून निवृत्त झाले आणि वडील दोन वर्षं जास्त राबले. शेवटच्या उन्हाळ्यात मशीनला टेकून खाली बसले ते उठलेच नाहीत. "त्या दोन वर्षांनी त्यांना मारलं," साहेब म्हणाला आणि पेल्यातला चहा संपवला.

मी खाली बघितलं. कारण माझंही तेच होतं. अगदी तंतोतंत तेच. लहानपणी मी म्हशींमागे असायचो, शाळेत घातलं ते आठव्या वर्षी. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, अंगाने काडी होतो, आणि सहा वर्षांचा म्हणून लिहून टाकलं. मोठी बहीण मला हाताला धरून घेऊन गेली होती. आक्का अजून सांगते, "पुढचे दोन दात पडून नवे आले होते तुझे, कसला सहाचा!" म्हणजे साहेबासमोर बसलेला मी साठीला आलेला नव्हतो. बासष्टीला आलेला होतो. हे कतारमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"एक विचारू?" साहेब म्हणाला. त्याने फोल्डर उघडला होता आणि माझ्या जन्मतारखेवर बोट ठेवलं होतं. "तुमच्या राज्यातली इतकी माणसं एक जूनला कशी जन्मतात? त्या दिवशी कॅम्पात केक पुरत नाही."

मला हसायला हवं होतं. हसलो नाही. सांगितलं, की जूनमध्ये शाळा उघडायच्या. आईबापांना तारीख माहीत नसायची, मग मास्तर सगळ्यांनाच एक जून लावायचे. वर्षही अंदाजानेच.

साहेबाचा चिमटा थांबला.

"अंदाजाने? मग तुमचं खरं वय? कागदापेक्षा जास्त की कमी?"

तो पुढे झुकला होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, काळजी होती, आणि त्यामुळेच मला ते सहन होईना. शेगडीची धग तोंडावर येत होती. पाठीवर एसीचं वारं, आणि तरी बनियन भिजलेलं. जास्त म्हणालो असतो तर त्याने मला त्याच आठवड्यात विमानात बसवलं असतं, वर विमानतळावर सोडायलाही आला असता. बायकोचं 'तोंड उघडा' कानात वाजत होतं.

"कमी," मी म्हणालो. "मास्तरांनी दोन वर्षं जास्त लावली. या जूनला खरी अठ्ठावन्न होतील."

"कोण म्हणतं?"

"माझी मोठी बहीण. तिनेच मला शाळेत नेलं होतं."

आक्काच्या नावावर खोटं बोललो. त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, याचीच जास्त लाज वाटली.

साहेबाने चिमटा खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत बघत राहिला. जाळीवर चिकनची कड काळी पडत चालली होती, आणि आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो. मला वाटलं, झालं, पकडलं याने. आता नोकरीही गेली आणि अब्रूही.

"अकरा वर्षं मला फसवलंस!" तो एकदम ओरडला.

शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. साहेबाने टेबलावर थाप मारली, वाट्या उडाल्या, आणि तो गडगडून हसायला लागला.

"अठ्ठावन्न! मी एकोणसाठ! म्हणजे मी मोठा! अकरा वर्षं तुझ्यासाठी मी चिकन भाजतोय!"

मीही हसलो. काय करणार? हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्याचं खापर धुरावर फोडलं. साहेबाने फोल्डरमधून दुसरा कागद काढला, मुदतवाढीचा. तोही बरोबर आणलाच होता. खिशातून पेन काढून झटक्यात सही केली.

"दोन वर्षं. यल्ला, खूश?"

"शुक्रन साहेब," म्हणालो. "शुक्रन." दोनदा म्हणालो, तरी आतून आनंदाचं काही वर येईना. जे मागायला आलो होतो ते पदरात पडलं होतं. पोरीचं शिक्षण होणार होतं. बायको आता फोनवर रडणार, मग देवापुढे साखर ठेवणार, हे सगळं मला दिसत होतं. आणि तरी छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं.

साहेब खुर्चीत मागे रेलला. हाताची घडी घातली. चिमटा त्याने माझ्या बाजूला सरकवून दिला होता.

"अठ्ठावन्न म्हणजे जवान माणूस आहेस तू," तो खुशीत म्हणाला. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला ते त्याच्या लक्षातही आलं नसेल. "शॉपमध्ये मी दुसरा कुणी म्हातारा बसवतो. पुढच्या महिन्यापासून तू रॅकवर. वर चांगला फोरमन नाहीच मला."

माझा गुडघा टेबलाखाली आपोआप आखडला. अजून वेळ होती. खरं सांगून टाकायचं, एका वाक्याचं काम होतं. हा माणूस ते ऐकून रागावला नसता, उलट त्याने माझे हात हातात घेतले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"चालेल साहेब," मी म्हणालो.

त्याने रिकामा पेला पुढे केला. मी भांडं दोन्ही हातांनी धरून चहा ओतला. थोडा सांडला. त्याने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग जाळीवरून धुराचा लोट उठला, तशी त्याने चिमट्याकडे बोट केलं, दोनदा टाळी वाजवली आणि हसत ओरडला, "पल्ली पल्ली!"

कोरियन साइटवर राबलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हा शब्द त्याला झोपेतही ऐकू येतो. लवकर, लवकर, हात चालव. आमचा साहेब दिवसभर हेच ओरडत फिरतो. हेल्पर असो, फिटर असो, इंजिनियर असो, कुणालाही सोडत नाही. अकरा वर्षांत मला तो हे एकदाही म्हणाला नव्हता.