खडकाला तेल

"नवस हाय म्हण. एवढं म्हणायला तुझी जीभ काय झिजायलीय?" तिची सासू म्हाळसाबाई पुन्हा गुरुबाईला म्हणाली.

गुरुबाई भाकरी थापत राहिली. तिचा नवरा मायाप्पा उंबऱ्याशी बसला होता, एक बूट काढलेला, एक पायातच. दसऱ्याला तो हैदराबादहून आला होता आणि घरी पोचायच्या आधीच फाट्यावरच्या हॉटेलात त्याला कळले होते की आपली बायको ओढ्याकडच्या दरीत खडकावर चढते. कासोटा आवळून, गड्यासारखी. हे सांगताना हॉटेलवाल्याने त्याच्या चहात साखर जास्त घातली होती. तीच त्याला जास्त लागली.

घरात येऊन त्याने एकच विचारले होते. कामून?

"बरं वाटतंय," गुरुबाई म्हणाली होती.

इथून सगळे पेटले. शेरडू वर अडकले म्हणाली असती तर त्याने मानले असते. मोहोळ होते, सरपण होते, काहीही चालले असते. बरे वाटते हे माणूस ताप उतरल्यावर म्हणतो. मायाप्पा म्हणाला, लोक येडी म्हणायलेत, रेणूला उद्या कोण करून घेईल? चुलीपुढे बसलेली त्यांची लेक रेणू काटक्या मोडत होती, तिने मान खाली घातली. आणि म्हाळसाबाईने मधला मार्ग काढला होता, तो हा. नवस आहे म्हणायचे. मैलारच्या मल्लण्णाला बोललेला नवस म्हटले की कुणी कामून विचारत नाही.

"देवाला कुटं मधी घेता, आत्याबाई," गुरुबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

ती चिटगुप्प्याकडच्या धनगरांची. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे असायची आणि बाप तिला उंच खडकावर पाठवायचा, वरून सगळा कळप दिसतो म्हणून. कळप दिसायचा. कळपाच्या पलीकडचेही पुष्कळ दिसायचे, ते तिने बापाला कधी सांगितले नाही. मग लग्न झाले आणि खडक संपले. सासरीही मेंढरे होती, पण सुनेचे काम अंगणातले: मेंढरे कोंडायचं वाडगं झाडायचे, लेंड्या भरायच्या, दूध तापवायचे. पुढे गावाच्या कुरणावर नांगर फिरला, चारायला जागा उरली नाही, मेंढरे विकली. मायाप्पा हैदराबादला गेला. तिथे तेव्हा जिकडे तिकडे उंच इमारती उठत होत्या. आधी त्याने विटा वाहिल्या, मग त्यातल्याच एका इमारतीचा वॉचमन झाला. लिफ्टने गच्चीवर जाऊन तो पाण्याची टाकी बघून यायचा.

गुरुबाई लोकांच्या तुरीत खुरपायला जायची. परतताना दरीतली वाट धरायची, कारण तिथे सावली असे. दरी लहानच. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाच्या तुटक्या भिंती, वाळवीने खाल्लेल्या लाकडासारख्या भोकाभोकांच्या. वाटेलगतचा खडक माडीच्या घराएवढा उंच होता. एकदा तिने खुरपे खाली ठेवले आणि एका भोकात बोटे घातली. बोटे नीट बसली. मग दुसऱ्या हाताने वरचे भोक शोधले. मग पाय. त्या दिवशी ती कमरेइतकीच वर गेली आणि उतरली, पण घरी जाऊन तिने भाजीत मीठ दोनदा घातले.

हे म्हाळसाबाईला दसऱ्याच्या आधीपासून माहीत होते. सून उशिरा येते म्हणजे दरीत कुणीतरी भेटतो, एवढाच अर्थ तिला ठाऊक होता, म्हणून उन्हाळ्यात ती एकदा मागोमाग गेली होती. सीताफळीच्या झुडपाआड बसून तिने पाहिले.

गुरुबाईने हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वाजू नयेत, फुटू नयेत म्हणून त्यांवर चिंधी बांधली. मंगळसूत्र दातांत धरले. खालच्या धुळीत तळवे घासले. आणि ती वर जाऊ लागली.

घाई अजिबात नव्हती. एक हात जागा शोधायचा तेव्हा बाकीचे सगळे शरीर थांबून राहायचे, जणू आतल्या खोलीत कुणी निजले आहे. अंगठा एवढ्याशा भोकात घालून सगळा भार त्यावर टाकायचा, आणि तो अंगठा तो भार घ्यायचा. मध्यावर एके ठिकाणी धरायला काहीच नव्हते. नुसता गुळगुळीत पट्टा. गुरुबाईने त्यावर तळवा सपाट टेकला, गाल टेकला, आणि कशी कोण जाणे, वर सरकली. ही तीच बाई होती, जिला म्हाळसाबाईने वीस वर्षे वाकलेलीच पाहिली होती, चुलीपुढे, रांजणापुढे, खुरप्यापुढे. वाकलेले माणूस एवढे लांब असते हे तिला माहीत नव्हते. हाक मारावी असे तिच्या मनात आले, पण हाकेने ती पडली असती. आणि तिच्या ध्यानात आले की वहाणेत आपल्याच पायांची बोटे जमीन घट्ट धरून बसली आहेत.

वर पोचल्यावर गुरुबाईने काही केले नाही. नुसती बसली. मंगळसूत्र दातांतून सोडले, पदराने पुसले, आणि दूरवर बघत राहिली.

म्हाळसाबाई आडवाटेने आधी घरी आली, चूल पेटवली आणि सून आल्यावर उशिरावरून रोजच्यासारखी बोलली. पण तेव्हापासून तिची खात्री झाली होती. असले काम माणसाच्या हातचे नव्हे. नवस म्हण, असे ती सुनेला सांगत होती ते केवळ लोकांची तोंडे धरायला नव्हे. जे पाहिले त्याला दुसरे नाव तिच्यापाशी नव्हते.

म्हणून सुनेने पुढे वाद घातला नाही, तो तिने होकार धरला. दुसऱ्या दिवशी बोअरवर घागर लावता लावता तिने सांगून टाकले की आमच्या गुरुबाईचा मल्लण्णाला नवस आहे. गुरुबाईने ऐकले आणि खोडून काढले नाही. मायाप्पा सुखाने हैदराबादला परत गेला. चढायला आता कुणाची आडकाठी नव्हती, मग शब्दावरून कशाला भांडायचे, असे तिला वाटले.

पहिल्या रविवारी चार बायका आल्या. रविवार मल्लण्णाचा. पुढच्या वेळी जास्त आल्या, भंडारा घेऊन, नारळ घेऊन. ती चढत असताना खाली सगळ्या माना वर करून बघत राहायच्या. हे गुरुबाईला आवडले, हेही खरे. लग्नानंतर तिच्याकडे कुणी एवढा वेळ पाहिले नव्हते. खाली आली की त्या पाया पडायच्या, ते मात्र तिला नको व्हायचे. परगावाहून एक बाई आली, तिला मूल नव्हते. तिने गुरुबाईचे सोललेले तळवे आपल्या पोटावर ठेवले. गुरुबाई घरी येऊन बराच वेळ हात धूत बसली.

मग किराणा दुकानाच्या गौरम्मा तेल घेऊन आल्या. दगडाला देव मानले म्हणजे तेल-शेंदूर आलाच, त्यात कुणाचे काय चुकले? त्यांनी खालच्या भोकांत, जिथे गुरुबाई पहिला हात घालते आणि पहिला पाय ठेवते, नेमके तिथेच, भक्तिभावाने तेल ओतले. गौरम्मांनी केले म्हणून बाकीच्यांनी केले.

त्या रविवारी तिचा पाय सुटला. नडगी सोलून निघाली. बायका म्हणाल्या, मल्लण्णानं परीक्षा घेतली.

तिने राख नेऊन घासली, शिकेकाई घासली, खुरप्याच्या टोकाने भोके खरवडली. पण तो खडक सच्छिद्र, तहानलेला, प्यालेले धुऊन जाऊ न देणारा. ऊन तापले की आतले तेल पुन्हा वर यायचे. ती डावीकडून चढू लागली, तर तिथेही शेंदूर आला. माघापर्यंत सबंध खडक खालून चकाकू लागला आणि त्यावर मुंग्या फिरू लागल्या.

"तेल लावू नका म्हणून सांगा की, आत्याबाई," ती म्हणाली.

म्हाळसाबाईला ते पटले नाही. देवाला तेल लावू नका असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि तिला हल्ली बोअरवर बायका आधी घागर लावू देत होत्या.

पाडव्याला मायाप्पा आला. हॉटेलवाल्याने त्याला बाकावरून उठवून खुर्चीवर बसवले. खडकापुढे पत्र्याची शेड घालायची ठरत होती, त्याने एका दिवसाचे काम अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाईने सुनेला हे सगळे समजावून सांगितले. शेडमध्ये बसायचे, आलेल्या बायकांच्या कपाळाला भंडारा लावायचा.

"आता चढायचं काय काम न्हाई," ती मायेने म्हणाली. "बसून ऱ्हायलीस तरी चालतंय."

गुरुबाईने हातातला तांब्या खाली ठेवला आणि ती घराबाहेर पडली.

म्हाळसाबाई या वेळी लपून गेली नाही. सुनेमागून सरळ दरीत गेली. तेलाच्या खडकापाशी कुणी नव्हते. गुरुबाई ओढा ओलांडून पलीकडे गेली होती, जिथून कुणाची वाट जात नाही. तिथला खडक जास्त उंच, आणि मध्येच पोट पुढे काढून उभा. त्या पोटाखाली गुरुबाई लोंबत होती. दोन्ही हात वर, पाय हवेत. एक हात सुटला आणि ती खालच्या वाळूत पडली. उठली, धुळीत तळवे घासले, पुन्हा चढली. पुन्हा पडली.

"मल्लण्णाला हाक मार की गं," म्हाळसाबाई ओढ्याच्या अलीकडून म्हणाली.

"त्याला कामून तरास? हात माझे हायेत."

म्हाळसाबाई दगडावर बसली. गेल्या उन्हाळ्यात पाहिले ते देवाचे काम होते, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण देव पडत नाही. ही पडत होती, कोपर फुटले होते, आणि दर वेळी बोटभर वरचे भोक गाठत होती. तो हात वर जाताना पाहून म्हातारीच्या अंगावर काटा आला. मल्लण्णाच्या गाभाऱ्यातही तो कधी असा आला नव्हता. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती हलली नाही. गुरुबाई त्या दिवशी पोटाच्या वर गेलीच नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले. मायाप्पा पत्र्यांचे सांगत होता, किती लागतील, चिटगुप्प्याहून कुणाच्या टेम्पोतून येतील. रेणूने आईच्या कोपराकडे पाहिले आणि वाढता वाढता थांबली. म्हाळसाबाई खाली मान घालून भाकरी कुस्करत होती.

गुरुबाईने घास गिळला, पाणी प्याली.

"शेड घाला, कळस बांधा, तो खडक मल्लण्णाचा झाला," ती म्हणाली. "मी तिथं बसणार न्हाई. उद्यापासून मी वड्यापल्याडच्या खडकावर चढणार हाय. तिथं कुणी तेल आणायचं न्हाई."