मोठीचं वय

दुपारची जेवणं उरकलीत, सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्यात. आता तनू झोळीत झोपेल तेवढाच वेळ नमिताचा. दोरीचं एक टोक झोळीला, दुसरं नमिताच्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलतोय, झोळी हलतेय, पुढ्यातल्या पाटावर वही उघडी आहे. भिंतीपलीकडं यंत्रमाग खडखडतायत. विट्याच्या या गल्लीत जन्मलेल्या लेकरांना त्या आवाजाशिवाय झोपच येत नाही.

सोमवारी दहावीचा गणिताचा पेपर आहे. ही तिसरी खेप. पहिल्या वेळी नमिता सोळाची होती, आणि मोठी बहीण आक्का वारून बाराच दिवस झाले होते. दुसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा तनू पोटात. उलट्यांनी इतकी बेजार की पेपरला गेलीच नाही. या वेळी सुटलं तर अकरावी, पुढं नर्सिंग. नाही सुटलं तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, असं तिनं कुणाला न सांगता ठरवून टाकलंय.

पाटावर वहीच्या शेजारी आक्काची जुनी वही आहे. आक्का म्हणजे शुभांगी, तीन वर्षांनी मोठी सख्खी बहीण. धाकटीचं गणित सुटावं म्हणून तिनं या वहीत स्वतः गणितं रचली होती, गल्लीतल्या माणसांची, शेळ्यांची, दोघींच्या वयांची. उत्तरं मात्र कुठंच लिहिली नाहीत. पहिल्या पानावर दरडावून ठेवलंय: सोडवलेलं गणित नुसतं वाचायचं नाही, झाकून सोडवायचं. चूक खोडायची नाही, तिला गोल करायचा, तारीख टाकायची आणि तीन दिवसांनी तेच गणित पुन्हा, न बघता.

नमिता बाकीचं सगळं पाळते. खोडायचं तेवढं सुटत नाही. वहीवर चूक दिसली की तिचा हात खोडरबराकडं जातो.

आजचं गणित आक्काच्याच अक्षरातलं: ‘आज मोठीच्या वयाच्या दुपटीतून धाकटीचं वय वजा केलं तर बावीस उरतात. धाकटी तीन वर्षांनी लहान. मोठी केवढी?’ नमिता पेन्सिलीनं मांडते आणि उत्तर येतं पंचवीस. तिचा हात थांबतो. आक्का असती तर खरंच पंचवीसची असती. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत राहते. मग ताळा करते. पन्नासातून बावीस गेले, उरले अठ्ठावीस. जमत नाही. ती खोडरबर घेते आणि पान स्वच्छ करून टाकते.

तेवढ्यात लाइट जाते. माग एकदम गप्प होतात. इतकी शांतता या घराला सवयीची नाही. अंगठ्याची दोरी सैल पडते, डोकं हातावर येतं, हात वहीवर.

“झोपलीस व्हय?”

“नाही गं, डोळे मिटलेत नुसते.”

“डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखी बोलू नको. सरक जरा.”

नमिता सरकते, कारण सीट लहान आहे. एसटीची मागची सीट, जिच्यावर खड्डा आला की दोघी टपापर्यंत उडायच्या. आक्का खिडकीशी बसलीय. कॉलेजचा निळा ड्रेस, ओढणीला पिन, मांडीवर डबा. काहीच बदललेलं नाही. खिडकीबाहेरून यंत्रमागावरचं पांढरं कापड धावतंय, मैलच्या मैल.

“सांग, पायथागोरस,” आक्का म्हणते.

“आत्ताच भेटलीस आणि आत्ताच पायथागोरस?”

“मग काय, लुगडं-चोळी करू तुला? सांग.”

नमिता सांगते. आक्का बोटांवर मोजावं तसं मान हलवत ऐकते. डबा उघडते तर आत तनू झोपलेली. आक्का तिच्या कपाळावरची तीट बोटानं नीट गोल करते.

“नाकावर गेलीय माझ्या.”

“सगळे म्हणतात.”

“गणितात नको जायला तुझ्यावर.” आक्का हसते, आणि हसताना तिचा तो वाकडा दात दिसतो. तो दात आपण विसरून गेलो होतो, हे नमिताला आत्ता कळतं. तिला रडू फुटतं, पण स्वप्नात डोळ्यांतून पाणी येत नाही.

“आक्का, तू फसवलंस मला. वयाची गणितं सोपी असतात म्हणालीस. दोघींतला फरक कधी बदलत नाही म्हणालीस. मी बावीसची झाले. तू एकोणीसच.”

“म्हणजे आता तू आक्का.”

“चेष्टा नको करू.”

“बरं, नाही करत. वही दाव.”

वही बाकावर आहे. बाक परीक्षेच्या हॉलमधला, कोपऱ्यात खडूनं लिहिलेला बैठक क्रमांक. हॉलच्या तारांवर तनूची लंगोटं वाळत घातलीत. आक्का बाकांच्या रांगेतून सुपरवायझर बाईंसारखी चालत येते आणि पान उजेडाला धरते.

“चूक कुठाय?”

“खोडली.”

“का?”

“वही घाण दिसते.”

“वही काय पाहुण्यांना दाखवायचीय? चूक खोडलीस तर उद्या तीच परत करशील, नव्यानं. नमे, खरं सांग. पहिल्या खेपेच्या पेपरात काय केलं होतंस?”

हे आजवर कुणीच विचारलेलं नाही. सगळे धरून चालले, बहीण गेली, पोरीला काही आठवलं नसेल.

“सगळं आलं होतं मला,” नमिता म्हणते. “शेवटच्या पंधरा मिनिटांत मी पानांवर काट मारली. एकेका पानावर. पेनानं.”

आक्का वही बाकावर ठेवते.

“तू नसताना पास व्हायचं म्हणजे... मला तुझ्यावाचून येतंय असं झालं असतं ना.”

“येडी गं येडी,” आक्का अगदी हळू म्हणते. ती बाकावर शेजारी बसते. तिच्या केसांना शिकेकाईचा वास आहे. “सहा महिने घसा फोडला मी. कशासाठी? माझ्यावाचून यावं म्हणूनच ना? आता लिही. मायनसनंतर कंस आला तर?”

“आतल्यांची चिन्हं बदलायची.”

“कुणाकुणाची?”

नमिता बघते. दोन एक्स वजा, कंसात एक्स वजा तीन. कंस सोडताना तिनं पहिल्याचं चिन्ह बदललंय. मागच्या तिनाला तसंच ठेवलंय.

“दोघांची,” ती म्हणते.

“दरवेळी मागच्याला विसरतीस. आणि गणितात ‘आज’ लिहिलंय बघ. तो मी लिहिलं त्या दिवसाचा आज आहे. तू तुझा आज घालून बसलीस, म्हणून पंचवीस बघून हात थांबला तुझा.”

“मला पंचवीसच बरं वाटलं, आक्का.”

“मला पण बरं वाटलं असतं.”

दोघी एसटीच्या थांब्यावर उभ्या आहेत, हातात हात. गाडी दिसत नाही, पण लांबून खडखड ऐकू येतेय. आक्का डबा नमिताच्या हातात देते. नमिता तिचा हात घट्ट धरते, म्हणते, अजून एक गणित सांग, एकच, अवघडातलं सांग.

“सोमवारी देतील की दहा-वीस,” आक्का म्हणते. “काट मारू नको फक्त.”

खडखड वाढत जाते. मोठी होत होत ती सगळ्या भिंतीतून येते, माग सुरू झालेत, लाइट आलीय, आणि झोळीत तनू हातपाय झाडत हुंकारतेय.

नमिता डोकं उचलते. पाटावरचं पान तसंच, कोरं. ती तनूला घ्यायला हात पुढं करते आणि थबकते. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, पेन्सिलीचा करडा ठसा उठलाय. आकडे आरशात दिसावेत तसे उलटे, पण वाचता येतात. एक्स बरोबर पंचवीस. पान खोडण्याआधीच हात घासला असेल, तिला वाटतं. मग वाटतं, असू दे, कसंही असेल.

ती तनूला मांडीवर घेते, पदराखाली प्यायला लावते, आणि मोकळ्या उजव्या हातानं, हातावरचं बघून, चुकलेलं गणित जसंच्या तसं वहीत उतरवते. पंचवीसला गोल करते. शेजारी तारीख टाकते. मग खाली कंस सोडवते, दोन्ही चिन्हं बदलून. एक्स अधिक तीन बरोबर बावीस. एक्स बरोबर एकोणीस. ताळा: अडतिसातून सोळा गेले, उरले बावीस. जमतं.

एकोणीसच्या खाली ती दोन रेघा ओढते.

संध्याकाळी भांडी घासताना सासूबाई विचारतात, “हाताला काय लागलंय गं? एकाच हातानं काय घासतीस?”

“काही नाही, आत्या,” नमिता म्हणते, आणि डावा हात पाण्याबाहेरच ठेवते.