सतरा नंबरची नळी

क्षारमामांचं खरं नाव पगारपत्रक सोडलं तर कुठेच नव्हतं. कॉलेजच्या रसायनशाळेतले ते शिपाई. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी प्रत्येकासाठी पांढऱ्या क्षाराची एकेक नळी भरायची, तिला नंबर चिकटवायचा आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी परीक्षकांना द्यायची, हे त्यांचं काम. नळीत काय आहे ते मुलांनी ओळखायचं. अठ्ठावीस वर्षांत मामांची एकही नळी चुकली नव्हती, आणि हे ते दरवर्षी नव्या पोरांना ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

फक्त एक गोष्ट ते कोणाला सांगत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. बायको कानीकपाळी ओरडत होती, पण डोळ्यांचं कळलं की रसायनशाळा सुटणार ही मामांना धास्ती. म्हणून त्यांनी चार महिने लेबलं वाचणंच सोडलं होतं. कुठली बाटली कुठल्या फळीवर कितवी, हे हाताला पाठ होतं. आणि सुट्टीत कोणा शहाण्याने कपाट पुसताना शेजारशेजारच्या दोन बाटल्यांची अदलाबदल केली होती!

दुपारी मामा मोरीशी नळ्या धूत होते. पलीकडे बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीवर उखडले होते. गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली पोर ती.

"सतरा नंबर म्हणजे बेरियम. तू स्ट्रॉन्शियम लिहिलंस. शून्य!"

"सर, क्षार जाळल्यावर ज्योत लाल आली होती, स्ट्रॉन्शियमसारखी. मी तीनदा बघितली."

"बेरियमची ज्योत हिरवी असते, एवढंही माहीत नाही?"

मुलगी रडायला लागली. "मग माझंच चुकलं असेल," असं म्हणत तिने लिहिलेलं खोडायला पेन काढलं.

मामांनी नळ बंद केला. तीनदा बघितली म्हणते, मग चुकणार कशी? त्यांनी कपाटाकडे पाहिलं. बेरियमच्या शेजारची बाटली स्ट्रॉन्शियमची. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? शिपायाची यादी कोण तपासतंय! पण ती पोर बरोबर लिहिलेलं आपल्या हाताने खोडत होती. ते त्यांना बघवेना.

"थांब गं, खोडू नकोस," मामा पुढे झाले. "सर, माझी नळी चुकली असेल. एकदा जाळून बघूया."

"आता शिपाई शिकवणार का आम्हाला?"

"बघू द्या त्यांना," आवाज ऐकून आत आलेल्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

मामांनी तार ॲसिडात बुडवली, नळीतल्या पुडीला टेकवली आणि बर्नरवर धरली. ज्योत लालभडक झाली. परीक्षकांनी शून्य खोडलं.

मुलीला बाहेर पाठवून बाईंनी कपाटातली बाटली मामांच्या हातात दिली. "काय लिहिलंय, वाचा बरं."

मामांनी बाटली नाकाशी नेली, मग हातभर लांब धरली. "नाही दिसत, बाई."

"अहो मामा, इथे ॲसिडं असतात! एखाद्या पोराच्या अंगावर गेलं असतं म्हणजे?"

ही गोष्ट मामांच्या मनातच आली नव्हती, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली. बाईंचा आवाज उतरला. "ऑपरेशन करून घ्या. तोवर फाटकावर बसा." मामांनी किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

जिन्यात ती मुलगी थांबली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मामा, पास केलं मला! उद्याच्या दुसऱ्या प्रात्यक्षिकाला मात्र नीट नळी द्या हं, परत रडवू नका."

"उद्या नळ्या दुसरं कोणी भरेल. मी फाटकावर आहे."

"अय्या, का?"

"तिथे हवा बरी असते."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "मग उद्या माझं बरोबर असलं तर कोण सांगणार?"

मामांनी ओले हात पँटला पुसले.

"तूच सांगायचं," ते म्हणाले. "आणि खोडायला पेनाला हात लावायचा नाही."